जुन्या पत्रांची वाटणी नको

प्रश्न : लग्नानंतर मी अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथे स्थायिक झाले. यजमानांचे पूर्वज नॉर्वेहून आलेले; 1880च्या सुमारास त्यांनी ट्रेल काउंटीत सरकारी जमीन घेतली. शेतावरचे घर विकायला काढल्यावर माळ्यावर सिगारच्या लाकडी पेटीत बरीच पत्रे सापडली. खापरपणजोबा जमीन धरायला एकटेच पुढे गेले, तेव्हा मिनेसोटात राहिलेल्या पत्नीला त्यांनी लिहिलेली काही आहेत आणि पुढे नॉर्वेतून आलेली काही. तिन्ही भावंडांनी ती सारखी वाटून घ्यावीत आणि चांगली दिसणारी लॅमिनेट करून भिंतीवर लावावीत, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. मी त्यांना काय सांगावे?
– एक वाचक, फार्गो

उत्तर : लॅमिनेशन आधी थांबवा. त्यात उष्णतेने कागदावर चिकटवलेले प्लास्टिक पुन्हा सुखरूप काढता येत नाही. चिकटपट्टीही लावू नका आणि कोणी पूर्वी लावलेली असेल, तर ती ओढून काढू नका. भिंतीवर लावायचेच असेल, तर उत्तम रंगीत प्रत लावा. पाहणाऱ्याला फरक कळत नाही आणि मूळ पत्राला ऊन लागत नाही.

वाटणीबाबत मात्र सासूबाईंशी सविस्तर बोलावे लागेल. अशा पत्रांचे मोल एकेका पत्रात असते त्याहून अधिक त्यांच्या क्रमात असते. जमीन धरल्याचे पत्र एकीकडे, पहिले पीक हाती आल्याचे दुसरीकडे आणि मधल्या हिवाळ्याचे तिसरीकडे गेले, तर तीन घरांत तीन शोभेचे कागद उरतील. 1862च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन मिळत असे. पण तिच्यावर पाच वर्षे राहून आणि ती कसून दाखवल्यावरच मालकी कायम होई. ही पाच वर्षे तुमच्या पेटीत कदाचित महिन्यामहिन्याने नोंदलेली असतील. शिवाय अमेरिकेच्या 1890च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे वॉशिंग्टनमधील 1921च्या आगीमुळे नष्ट झाली. त्यामुळे डकोटातील कुटुंबांचा माग 1885च्या प्रादेशिक गणतीनंतर एकदम 1900मध्येच लागतो. त्या पंधरा वर्षांत कोण जन्मले, कोण दगावले आणि कोण कंटाळून परत गेले, हे पुष्कळदा अशा पत्रांतूनच कळते.

तेव्हा मूळ पत्रे एकत्र ठेवून प्रत्येक भावंडाला स्कॅनचा पूर्ण संच द्यावा. स्कॅन रंगीत आणि किमान 400 डीपीआयचे (इंचामागे 400 ठिपके) करा, कागद आपोआप ओढून घेणारे यंत्र मुळीच वापरू नका आणि पाकिटांच्याही दोन्ही बाजू घ्या. पाकिटावरच्या टपाल शिक्क्यातून पुढे बंद पडलेल्या एखाद्या टपाल कचेरीचे नाव मिळते आणि पत्रावर तारीख नसली तरी काळ ठरवता येतो. तिकिटे हौशी संग्राहकाला कापून देण्याचा मोह टाळा.

हाताळण्यापूर्वी हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोज्यांची गरज नाही, उलट त्यांनी कागदाच्या कडा फाटतात. पेटीतील क्रम आधी फोटो काढून आणि लिहून ठेवा, मगच गठ्ठ्याचा दोरा सोडा. गंजलेली टाचणी उपसू नका. तिच्या वरखाली पातळ पॉलिएस्टरच्या पट्ट्या सरकवून ती हलकेच मोकळी करा. सहज उलगडते तेवढेच पत्र उलगडा. तुमच्याकडे हिवाळ्यात घर तापवल्यावर आतली हवा इतकी कोरडी होते, की शंभर वर्षे दुमडलेला कागद घडीवरच तुटतो. अशा पत्राला वाफ देण्याचा घरगुती उपाय करू नका, कारण त्या काळची काही जांभळी शाई ओल लागताच पसरते आणि मायफळ व लोहक्षारांपासून केलेली तपकिरी शाई ओलाव्यात कागद अधिक खाते. ते काम कागद-संवर्धकाचे आहे. मिनिआपोलिसच्या मिडवेस्ट आर्ट कॉन्झर्व्हेशन सेंटरकडे विचारणा करता येईल. बाकीची पत्रे आम्लरहित फोल्डरमध्ये आणि तशाच खोक्यात ठेवा. फोल्डरवर पेन्सिलीनेच लिहा. सिगारपेटीच्या लाकडातून आम्ल झिरपते, म्हणून ती आठवण म्हणून वेगळी ठेवा. जागा घराच्या आतल्या भिंतीलगतच्या कपाटात असावी, जिथे तापमान 21 अंशांच्या आत आणि आर्द्रता 30 ते 50 टक्के राहील. माळा नको आणि तळघर तर नकोच. 1997च्या पुरात रेड नदीने ग्रँड फोर्क्स शहराची काय अवस्था केली, ते तुमच्या सासरी सर्वांना आठवत असेल.

नॉर्वेतील जुनी पिढी गॉथिक वळणाने लिहीत असे. आपल्याकडे मोडी दफ्तराचे जे झाले तेच तिथे झाले आहे : भाषा येणाऱ्या नातवंडालाही आजोबांचे अक्षर लागत नाही. वाचनासाठी मिनेसोटातील नॉर्थफिल्ड येथे 1925 पासून असलेल्या नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनला विचारून पाहा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या पेटीत नॉर्वेहून आलेली पत्रे आहेत. इथून तिकडे गेलेली तिथल्याच कुणाच्या कपाटात असतील. तिथले नातेवाईक माहीत असतील, तर अवश्य विचारा.

मूळ पत्रे पुढे तुमच्याच गावातील नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभिलेखागाराला किंवा बिस्मार्कच्या राज्य इतिहास संस्थेला देता येतील. तिन्ही भावंडांपैकी कोणाकडेही पत्रे असली की बाकीच्या दोघांच्या मनात थोडी खुटखुट राहतेच, तीही त्यामुळे मिटते. देताना दानपत्र नीट वाचून, पत्रे कोणाला पाहता येतील याची अट घालायची असल्यास तेव्हाच घाला.

प्रश्न : मी कॅनडात सॅस्काटूनला राहतो. शेजारच्या आजींच्या घराण्यातील एक बाई 1903मध्ये बार वसाहतीबरोबर, म्हणजे इथे शेतीसाठी आलेल्या वसाहतकऱ्यांच्या जथ्याबरोबर, इंग्लंडहून आल्या; त्यांची पत्रे मी टंकलिखित करत आहे. त्यांत मूळनिवासी शेजाऱ्यांबद्दल फार वाईट शब्द आहेत. ती वाक्ये गाळू का? शुद्धलेखनही सुधारू का?
– एक वाचक, सॅस्काटून

उत्तर : दोन्ही करू नका. ती जमीन वसाहतीस खुली झाली त्यामागे ब्रिटिश राजसत्ता आणि मूळनिवासी यांच्यातील 1876चा सहावा करार होता, आणि नव्याने आलेल्यांना मूळ रहिवाशांविषयी काय वाटत होते, याचा हा थेट पुरावा आहे. ज्या बाईंनी तसे शब्द लिहिले, त्यांनीच दुसऱ्या पत्रात त्याच शेजाऱ्यांकडून सरपण वा मासे घेतल्याचे लिहिलेले असू शकते. एक वाक्य गाळले की दुसऱ्याचा अर्थ बदलतो. तुमचे भाष्य तळटीपेत, स्वतःच्या नावाने आणि तारखेसह द्या. आजींना मात्र ती वाक्ये आधी स्वतः वाचून दाखवा; छापील प्रतीत त्यांना ती अचानक दिसणे बरे नव्हे. चुकीची अक्षरे जशीच्या तशी ठेवा आणि जे वाचता आले नाही तिथे अंदाजाने शब्द न भरता चौकटी कंसात ‘अवाच्य’ असे लिहा.