टाइल्स नंतर, आधी भिंत वाजवून बघा

अहो, टाइल्स कुठल्या घ्यायच्या ते नंतर ठरवा. आधी हातोडीच्या दांड्याने ओट्यामागची सगळी भिंत वाजवून बघा. ढबढब आवाज आला, की तिथला गिलावा सुटलाय असं समजा. तो छिन्नीने विटेपर्यंत काढाच. 'वरून सिमेंट फासू, काही होत नाही' असं गवंडी म्हणेल. मी ऐकलं होतं त्याचं. दोन पावसाळ्यांत सिंकवरच्या चार टाइल्स गिलाव्यासकट ओट्यावर!

ओल असेल तर गळती आधी बंद करा. मग विटा ब्रशने झाडून, पाणी मारून, 1 भाग सिमेंट आणि 4 भाग चाळलेली वाळू असा माल भरा. खड्डा खोल असेल तर दोन थरांत. पृष्ठभाग खरबरीतच ठेवा, घोटून गुळगुळीत करू देऊ नका. सात दिवस पाणी मारायचं. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून तीनदा. जुना ऑइल पेंट आणि पुट्टीही खरवडायची.

पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर मात्र मातीच्या गिलाव्यावर टाइल्स लावूच नका. तेवढा पट्टा पूर्ण उतरवावा लागेल.