प्रश्न असा: एमएस्सी प्रोजेक्टला टीबीचे साठ आयसोलेट (रुग्णांच्या नमुन्यांतून वाढवलेले जंतू) मिळालेत. स्पोलिगोटायपिंग करू, मीरू-व्हीएनटीआर, आरएफएलपी की थेट होल जीनोम (जंतूचा अख्खा डीएनए वाचणं)? जंतूंचे स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, डीएनएवरून ओळखायच्या या चार पद्धती.

आधी गाइडना विचारा: स्ट्रेनचं कूळ शोधायचंय, की कोणाकडून कोणाला लागण झाली ते? दोन्हीला टायपिंगच म्हणतात, म्हणून घोळ होतो.

नुसतं कूळ हवं असेल तर स्पोलिगो पुरे. जंतूच्या डीएनएतल्या डीआर भागातले (जिथे एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो) ४३ स्पेसर (त्या तुकड्यांच्या मधले वेगवेगळे तुकडे) आहेत की नाहीत, एवढंच ते बघतं. एक पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं), मेम्ब्रेनवर हायब्रिडायझेशन (जुळणारा डीएनए चिकटणं), आणि फिल्म धुतली की काळे चौकोन: काळा म्हणजे स्पेसर आहे, कोरा म्हणजे नाही. बीजिंग कुळाचा असेल तर पहिले ३४ कोरे, शेवटचे नऊ काळे. नवख्यालाही ओळखू येतो.

पण फसवतंही. माझ्या एका फिल्मवर मधले चार स्पेसर सलग गायब होते. नवा पॅटर्न सापडला म्हणून दोन दिवस मी हवेत! निघाला काय, तर ब्लॉटरच्या (मेम्ब्रेनवर नमुने सोडायच्या साधनाच्या) खाचेत अडकलेला हवेचा बुडबुडा. स्पेसर खरोखर गळतात तेही बरेचदा सलगच, त्यामुळे फिल्मवर दोन्ही सारखंच दिसतं. एच३७आरव्ही आणि बीसीजी (पॅटर्न आधीच माहीत असलेले स्ट्रेन) दर मेम्ब्रेनवर लावाच, पण शेजारच्या खाचेतला बुडबुडा ते पकडत नाहीत. पॅटर्न विचित्र आला की तो नमुना दुसऱ्या खाचेत परत चालवायचा.

लागणीबद्दल मात्र स्पोलिगोवरून काही लिहू नका, व्हायवाला सोलून काढतील. दक्षिण भारतात ईएआय (ईस्ट आफ्रिकन-इंडियन) कूळ इतकं पसरलंय की एकमेकांना कधी न भेटलेल्या रुग्णांचाही पॅटर्न जुळतो. तिथे २४ लोकसचं (डीएनएवरच्या ठरावीक जागांचं) मीरू जोडीला लागतं; प्रत्येक जागी एक तुकडा किती वेळा आलाय, म्हणजे किती कॉपी आहेत, ते त्यात मोजतात. त्यातली डोकेदुखी म्हणजे जेलवर कॉपी मोजणं. बँड लॅडरच्या (लांबी मोजायच्या पट्टीच्या) दोन खुणांच्या मध्ये आला की सात की आठ, यावरून लॅबमध्ये भांडणं.

आयएस६११० आरएफएलपी विसरा. आयएस६११० हा डीएनएत जागा बदलणारा तुकडा; तो कुठे आणि किती वेळा आहे यावरून तुलना करतात. एकेकाळी तेच प्रमाण मानायचे, पण डीएनए भरपूर लागतो, आणि आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेत, बऱ्याच स्ट्रेनमध्ये आयएसची एकच कॉपी असते किंवा नसतेच. मग तुलना कशाची करणार?

होल जीनोम सगळ्यात सरस, वाद नाही. सुमारे ४४ लाख बेसमध्ये (डीएनएच्या अक्षरांत) दोन आयसोलेटांत पाचपर्यंत एसएनपीचा (एकेका अक्षराच्या बदलाचा) फरक असेल तर अलीकडची लागण संभवते, बारापेक्षा जास्त असेल तर सहसा नाही. औषधरोधाची म्युटेशनंही कळतात, आणि त्याच रीड्समधून (वाचलेल्या डीएनए-तुकड्यांतून) स्पोलिगो संगणकावर फुकट निघतो. (मीरू मात्र छोट्या रीड्समधून भरवशाचं निघत नाही.) साठच्या साठ परवडत नसतील तर सगळ्यांचं स्पोलिगो करा, जुळणाऱ्यांचं मीरू, आणि तरीही जुळले तेवढेच सिक्वेन्सिंगला द्या.

एलजे स्लोप (जंतू वाढवलेल्या माध्यमाच्या नळ्या) तोवर जपा. उकळून काढलेल्या डीएनएवर स्पोलिगो होतो, सिक्वेन्सिंगला सीटॅब या रसायनाने स्वच्छ काढलेला लागतो.