वाचकांचे प्रश्न : रुग्णालयातले जंतू औषधांना दाद का देत नाहीत?

प्रश्न : न्यूमोनियासाठी वडिलांना अतिदक्षता विभागात दहा दिवस शिरेतून मेरोपेनेम दिलं. न्यूमोनिया बरा झाला. आता लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) क्लेब्सिएला हा जंतू निघालाय आणि रिपोर्टमध्ये जवळपास सगळ्या औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा) आहे. ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही; लघवीची नळी मात्र अजून आहे. त्यांच्या शरीराला औषधाची सवय झाली का?

उत्तर : सवय शरीराला होत नाही. बदलते ती शरीरातली जंतूंची वस्ती. फुप्फुसासाठी दिलेल्या औषधाचा परिणाम आतड्यातल्या जंतूंवरही होतो. तिथले बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात. जागा आणि अन्न त्यांनीच व्यापलेलं असल्यामुळे उपद्रवी जंतूंना हातपाय पसरता येत नाहीत. औषधाने ते मेले, की उभं पीक कापलेल्या रानात तण माजावं तसे उरलेले जंतू माजतात. मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम बनवणारा क्लेब्सिएला आधीपासून आतड्यात मोजका असेल, किंवा कुणाच्या हातावरून, खाटेच्या कठड्यावरून आला असेल. औषधाने त्याला घडवलं नाही, त्याचे प्रतिस्पर्धी हटवले. पोषक स्थितीत असे जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात.

सगळीकडे ‘आर’ का, हेही समजून घ्या. एन्झाइमचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी क्लेब्सिएलाकडून ई. कोलाय या वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जातं. त्याच कड्यावर जेंटामायसिनसारख्या वेगळ्या गटातल्या औषधांविरुद्धची जनुकंही असू शकतात. मग यातलं कुठलंही एक औषध वापरलं तरी अख्खा संच टिकतो. औषधं नुसती आलटूनपालटून देऊन म्हणूनच भागत नाही.

आता तुमच्या वडिलांविषयी. नळी असताना दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. लक्षणं नसतील तर याला संसर्ग म्हणत नाहीत आणि सहसा औषधही देत नाहीत. लघवीच्या मार्गावर रक्तस्राव होईल अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गोष्ट वेगळी. नुसत्या रिपोर्टवर कोलिस्टिनसारखं राखीव औषध खर्ची पडताना पाहून फार वाईट वाटतं, कारण ते सहज टाळता येतं. डॉक्टरांना आधी विचारा : नळी आज काढता येईल का? थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं किंवा रक्तदाब उतरला, तर मात्र तातडीने उपचार हवेत. तेव्हाही जुनी नळी दोन आठवड्यांहून अधिक काळ असेल तर ती बदलून नव्या नळीतूनच नमुना घ्यावा. पिशवीतला तर कधीच नको.

प्रश्न : गुडघ्याच्या सांधेबदलात आईला शस्त्रक्रियेआधी एक इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक बंदच केलं. कोर्स अर्धवट राहिला ना?

उत्तर : नाही. हा उपचार नव्हता, प्रतिबंध होता. छेद घेताना औषध ऊतींमध्ये हजर असावं लागतं, म्हणून ते आधीच्या 60 मिनिटांत देतात. व्हँकोमायसिन सावकाश द्यावं लागत असल्याने ते छेदाआधीच्या 120 मिनिटांत. सेफाझोलिन दिलं असेल आणि शस्त्रक्रिया 4 तासांहून लांबली किंवा रक्त बरंच गेलं, तर मध्येच आणखी एक डोस देतात. जखम शिवल्यावर पुढचे डोस संरक्षण वाढवत नाहीत, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) असला तरीही नाही. वाढतो तो प्रतिरोधाचा आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांचा धोका.

उपचारातही ‘पूर्ण कोर्स’ म्हणजे लागतील तेवढेच दिवस. व्हेंटिलेटरमुळे झालेल्या न्यूमोनियाला बहुधा 7 दिवस पुरतात. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला तर किमान 14, आणि हृदयाच्या झडपेला संसर्ग असेल तर कित्येक आठवडे. त्यामुळे स्वतःच्या मनाने थांबवू नका. सुरुवातीला अंदाजाने दिलेल्या औषधाचा 48 ते 72 तासांनी, कल्चरचा रिपोर्ट हाती आल्यावर, फेरविचार झाला का, हे मात्र जरूर विचारा.

प्रश्न : भेटायला जाताना सॅनिटायझर पुरेसा आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा हो. रुग्णाला शिवण्याआधी आणि नंतर 20 ते 30 सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. कठड्याला हात लागला तरी चोळाच. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा रुग्णालयातला जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे जगतो. डिफिसिलचे जुलाब असतील तर साबण आणि वाहतं पाणीच हवं, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहू द्या, पण जमिनीला टेकू देऊ नका.