कोकणातल्या घरी ठेवलेला रेडिओ स्कॅनर ठाण्यातून कसा चालवायचा?

तुमचा प्रश्न असा: हर्णैच्या वर टेकडीवर घर, तिथे बोटींची रेडिओवरची बोलणी ऐकायला युनिडेनचा बीसी १२५ एटी स्कॅनर (चॅनेलांमागून चॅनेल चाळणारा रेडिओ), आणि तुम्ही ठाण्यात. घरचा लॅपटॉप स्क्रीन शेअरिंगच्या अ‍ॅपने उघडता, चॅनेल बदलतात, पण आवाज तुटतो आणि वीज गेली की सगळंच ठप्प. शिवाय स्कॅनरऐवजी आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाच्या यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेऊ का, असंही विचारलंय.

स्कॅनरला हुकूम सोडणं आणि त्याचा आवाज आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच अ‍ॅपवर लादल्यामुळे घोळ होतोय. हुकूम म्हणजे जेमतेम दहा-वीस अक्षरं, ती अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचली तरी बिघडत नाही. आवाज मात्र अखंड वाहता लागतो. त्यात ही अ‍ॅप्स खरखरीला गोंगाट समजून कापतात, आणि लांबची बोट ऐकायची तर ती त्या खरखरीतूनच ऐकावी लागते.

लॅपटॉप काढा, तिथे रास्पबेरी पाय ३ किंवा ४ हा तळहाताएवढा संगणक ठेवा (पुढे नुसतं 'पाय'). स्कॅनर यूएसबीने जोडला की पायवरच्या लिनक्सला तो सिरीयल पोर्ट (अक्षरं एकामागून एक पाठवायची वाट) म्हणून दिसतो. सेर२नेट नावाचा छोटा प्रोग्रॅम हा पोर्ट नेटवर्कवर उघडतो. त्याच्या फाइलीत पोर्टचं नाव 'एसीएम शून्य' असं लिहू नका, केबल एकदा हलली की ते 'एसीएम एक' होतं आणि तुम्ही ठाण्यात डोकं धरून बसता. सिरीयलच्या 'बाय-आयडी' फोल्डरमधलं लांबलचक नाव द्या, ते बदलत नाही. पायवर मोडेममॅनेजर हा प्रोग्रॅम असेल तर काढून टाका, तो प्रत्येक नव्या सिरीयल पोर्टला मोडेम समजून चाचपत बसतो.

ठाण्यात विंडोजवर एचडब्ल्यू व्हीएसपी-३ सारखा व्हर्च्युअल कॉम पोर्ट, म्हणजे नेटवरचा पोर्ट विंडोजला इथलाच भासवणारा प्रोग्रॅम, बसवा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरला वाटतं स्कॅनर टेबलावरच आहे. सॉफ्टवेअरमधला टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, तेवढा १,००० मिलिसेकंदांपर्यंत वाढवा, मोबाईल नेटवर हेलकावे फार असतात. जोडणी तपासायची तर साध्या टर्मिनलमधून एम-डी-एल ही तीन अक्षरं पाठवून एंटर मारा, मॉडेलचं नाव परत आलं की झालं.

एक फसगत हमखास होते. चॅनेल लिहायला सॉफ्टवेअर आधी पी-आर-जी हा हुकूम देतं, म्हणजे स्कॅनर स्कॅनिंग थांबवून रिमोट मोडमध्ये जातो, आणि शेवटी ई-पी-जी देऊन बाहेर काढतं. मधेच नेट तुटलं तर स्कॅनर तिथेच मुका होऊन बसतो. बिघडलाय समजून कोणाला टेकडीवर पिटाळू नका, पुन्हा जोडून फक्त ई-पी-जी पाठवा.

आता आवाज, कारण खरी मेहनत इथे आहे. पायला ऑडिओ इनपुट नसतं, म्हणून यूएसबी साउंड कार्ड लागतं. स्वस्त कार्डाला माइकचंच इनपुट असतं आणि हेडफोनच्या जॅकमधून येणारा आवाज त्याला झेपत नाही, फाटतो. मध्ये १० किलोओहमचा रोध सिरीजमध्ये आणि १ किलोओहमचा ग्राउंडला जोडा. माइक इनपुटवर दोन-तीन व्होल्ट डीसी असतं, ते अडवायला कार्डाच्या बाजूला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. एवढं करूनही घुंईऽऽ असा आवाज राहिला तर तो ग्राउंड लूप: स्कॅनर यूएसबीने पायला जोडलेला, आणि ऑडिओच्या तारेनेही पायलाच. ६०० ला ६०० ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये टाकला की तो जातो. सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून ही गुणगुण मारायचा खटाटोप करू नये असं माझं मत आहे, बोलणंही त्याबरोबर बोथट होतं.

आवाज पाठवायला बरेच जण आइसकास्ट हा इंटरनेट रेडिओचा सर्व्हर सुचवतील. नुसतं ऐकत बसायचं असेल तर ठीक, पण तो काही सेकंद मागे असतो. तुम्ही स्क्वेल्च (संकेत नसताना खरखर बंद ठेवणारं बटण) फिरवणार आणि फरक नंतर कधीतरी ऐकू येणार. त्यापेक्षा मम्बल हा नेटवरून बोलायचा प्रोग्रॅम लावा: सर्व्हर पायवरच, उशीर सेकंदाच्या अंशात. त्यातलं नॉइज सप्रेशन बंद करायला विसरू नका. २४ केबीपीएसने तासाला सुमारे ११ एमबी जातात, दिवसरात्र चालू ठेवलं तरी २६० एमबीच्या आसपास. आवाज आला तरच पाठव, असं ठेवलंत तर याहून बरंच कमी.

डोंगलचं उत्तरही याच हिशोबात आहे. डोंगलचा कच्चा संकेत नेटवर पाठवणारा आरटीएल-टीसीपी हा प्रोग्रॅम सेकंदाला २४ लाख सॅम्पल पाठवतं, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सेकंदाला ४.८ एमबी. दिवसाचा दीड जीबीचा पॅक पाच मिनिटांत संपेल. डोंगल घेणारच असाल तर त्यावरचं कामही टेकडीवरच होऊ द्या. ओपनवेबआरएक्स हा रिसीव्हरचा प्रोग्रॅम पायवर चालवून ब्राउझरमध्ये फक्त चित्र आणि आवाज आणा.

घरापर्यंत पोचायचं कसं? राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे नेट कंपनीने दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यानचा असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते आणि बाहेरून थेट तुमच्यापर्यंत येता येत नाही, मग पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नका. दोन्हीकडे टेलस्केल हे खासगी जाळं जोडणारं अ‍ॅप बसवा किंवा भाड्याच्या सर्व्हरवरून वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा काढा, त्यात कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा संदेश, २५ सेकंदांवर ठेवा. पब्लिक आयपी मिळाला तरी सेर२नेट उघड्यावर सोडू नका. त्याच्या साध्या टीसीपी पोर्टला पासवर्ड नसतो, ज्याला सापडेल तो तुमचा स्कॅनर फिरवेल.

एवढं जमलं तरी कोकणात ही यंत्रणा बंद पडते ती विजेमुळे. एसएमएफ प्रकारची (बंदिस्त, पाणी न घालावी लागणारी) १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी घ्या आणि पाय, राउटर दोन्ही तिच्यावरच चालवा. नुसता पाय जागा राहून उपयोग नाही. दोघांचे मिळून १० वॅट धरले आणि बॅटरी निम्मीच वापरली तर चारेक तास निघतात. १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर व्हीएचएफमध्ये, म्हणजे बोटींच्याच रेडिओ पट्ट्यात, कचरा ओतू शकतो, म्हणून तो अँटेनाच्या केबलपासून लांब ठेवा आणि तारांवर फेराइट चढवा. पायच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा (म्हणजे मेमरी कार्डावर काही लिहिलं जात नाही), नाहीतर चार-दोनदा वीज गेली की मेमरी कार्ड बसलंच समजा. स्कॅनरमध्ये निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घाला आणि सेलच्या खणातला स्विच त्याच प्रकारच्या सेलवर आहे ना ते बघा. हा स्कॅनर एकदा बंद पडला की बटण दाबायला माणूसच लागतो, नेटवरून तो उठत नाही.

अँटेनाला उंची द्या. समुद्रावरचा पल्ला किलोमीटरमध्ये साधारण ४.१२ गुणिले दोन्ही उंचींच्या वर्गमुळांची बेरीज. अँटेना समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर आणि बोटीची ४ मीटरवर असेल तर ४९ किलोमीटर, तीच किनाऱ्यावरच्या कौलांवर ९ मीटरला असेल तर जेमतेम २१. बोटींचा हाक मारायचा आणि संकटाचा चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगाची काडी साडेपंचेचाळीस सेंटीमीटरची. आरजी-५८ केबल २० मीटर टाकलीत तर ४ डेसिबल तिथेच गेले, एलएमआर-४०० मध्ये एकच जातो. खारं वारं कनेक्टर खातं, म्हणून स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ ठेवा, पाणी तिथून गळेल. पेटी पूर्ण बंद करू नका, पाय तापतो. पण भोकांना बारीक जाळी लावा, मुंग्या आणि पाली ऊब शोधत येतातच.

जांभ्या दगडात अर्थिंग सहज लागत नाही. कोळसा-मीठ घालून खड्डा करा, त्याला अँटेनाच्या केबलवरचा गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) जोडा, आणि राउटर ते पाय हे अंतर वायफायवर ठेवा म्हणजे तांब्याची एक वाट कमी होईल. तरी थेट पडणाऱ्या विजेपुढे अरेस्टरचं काही चालत नाही. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात शेजारच्या कोणाला फोन करून अँटेनाची पिन काढून ठेवायला सांगा.

आणि कागदपत्रं आधी करा. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ यंत्र नुसतं बाळगायलाही मनाई केली होती, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडून मिळतो. तुमच्या स्कॅनरला आणि त्या जागेला काय लागेल ते त्यांनाच लेखी विचारा. ऐकलेलं बोलणं जाहीर प्रवाहावर टाकू नका, मम्बलला पासवर्ड ठेवा.