1993 मध्ये इन्फोसिसचे 100 शेअर घेतले असते तर?

प्रश्न असा आहे: "इन्फोसिसचे 100 शेअर 1993 ला 9,500 रुपयांत घेतले असते तर आज 15 कोटी झाले असते, असा मेसेज फिरतोय. हे खरं आहे का? असेल तर आपल्या सोलापूरचीच एखादी चांगली कंपनी बघून सगळी बचत त्यात घालून तीस वर्षं विसरून जाऊ का?"

आकडा खरा आहे. पण सगळी बचत एकाच शेअरमध्ये घालू नका. का, ते त्याच आकड्यातून दिसतं, म्हणून आधी हिशोब नीट मांडतो.

इश्यू, म्हणजे लोकांना पहिली शेअरविक्री, फेब्रुवारी 1993 चा, भाव 95 रुपये, दर्शनी किंमत (शेअरवर छापलेली मूळ किंमत) 10. तुमच्याकडे 100 शेअर. 1994, 1997 आणि 1999 असा तीनदा एकास एक बोनस मिळाला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट: 200, 400, 800. 2000 मध्ये 10 ची दर्शनी किंमत 5 झाली, म्हणजे स्प्लिट होऊन एका शेअरचे दोन झाले: 1,600. 2004 मध्ये एकास तीन बोनस. इथे बरेच जण तिनाने गुणतात आणि चुकतात. जुना एक अधिक नवे तीन, म्हणजे चौपट: 6,400. पुढे 2006, 2014, 2015 आणि 2018 मध्ये पुन्हा एकास एक. शेवटी 1,02,400 शेअर. भाव 1,500 धरला तर 15 कोटी 36 लाख. 33 वर्षांचा चक्रवाढ दर सुमारे 34 टक्के पडतो.

दुसरी नेहमीची चूक चार्ट बघताना होते. ॲपवरच्या चार्टमध्ये जुने भाव बोनस आणि स्प्लिटप्रमाणे आधीच कमी करून दाखवलेले असतात. तो भाव घेऊन वर बोनसचा गुणाकार केला की तोच फायदा दोनदा मोजला जातो. एक तर मूळ भाव आणि वाढलेले शेअर घ्या, नाहीतर सुधारित भाव आणि मूळ शेअर. दोन्हींची सरमिसळ नको.

डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातून मिळणारा लाभांश, यात धरलेलाच नाही. 2024-25 या वर्षासाठी कंपनीने शेअरमागे एकूण 43 रुपये दिले. 1,02,400 शेअरवर ते 44 लाखांच्या वर जातात, तेही एका वर्षात. डिव्हिडंडसकट परतावा काढायचा तर एक्सेलमध्ये प्रत्येक रक्कम तिच्या तारखेसमोर लिहून एक्सआयआरआर (तारखांप्रमाणे वार्षिक परतावा काढणारं सूत्र) वापरा.

आता खरी गोम. मार्च 2000 मध्ये या शेअरचा भाव 13,000 च्या आसपास गेला होता. 1,600 शेअरचे दोन कोटींच्या वर झाले. म्हणजे 9,500 चे दोन कोटी पहिल्या सात वर्षांतच झाले होते! त्या दिवशी ज्याने शेअर घेतला, त्याचा भाव आजच्या हिशोबाने साधारण 203 पडतो. 203 चे 1,500 व्हायला 26 वर्षं लागली, म्हणजे वर्षाला जेमतेम 8 टक्के आणि वर थोडा डिव्हिडंड. कंपनी तीच, सांभाळणंही तितकंच चिवट, फक्त खरेदीची तारीख वेगळी. मधल्या काळात 2001 ला भाव अडीच हजारांच्या आसपास आला, दोन कोटींचे चाळीस लाख झाले. मेसेजमधला काल्पनिक माणूस तेव्हा अजिबात हलत नाही. खऱ्या माणसाला मुलीचं लग्न असतं, घराचा हप्ता असतो.

शिवाय 1993 मध्ये हा इश्यू पूर्ण भरलासुद्धा नव्हता, उरलेला हिस्सा मॉर्गन स्टॅनली या अमेरिकन बँकेने उचलला. हर्षद मेहता प्रकरण नुकतंच होऊन गेलेलं, सॉफ्टवेअर कंपनी नेमकं काय विकते तेच लोकांना उमगत नव्हतं. त्या वेळी घेणारा शहाणाही होता आणि नशीबवानही. या दोहोंत किती वाटा कशाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तशीच दिसणारी दुसरी कंपनी सत्यम. 7 जानेवारी 2009 ला तिच्या हिशोबातला घोटाळा बाहेर आला आणि एका दिवसात भाव तीन-चतुर्थांशाहून जास्त कोसळला. पुढे विलीनीकरणात सत्यमच्या 17 शेअरना टेक महिंद्राचे 2 मिळाले. असले मेसेज सत्यमवर कोणी बनवत नाही.

सोलापूरकरांना तर लांब जायची गरजच नाही. आपली जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, एके काळी भक्कम समजली जायची. 1949 मध्ये ती बंद पडली, जानेवारी 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. एक भागधारक सुप्रीम कोर्टात गेला आणि हरला. दुसऱ्या खटल्यात प्रेफरन्स शेअरवाल्यांकडून (ज्यांना डिव्हिडंड आधी मिळतो) शेअरच्या किमतीतली न भरलेली रक्कम मागितली होती, ते 1953 मध्ये जिंकले. शेअर घेऊन गप्प बसलेल्यांवर कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, ती अशी.

आजच्या कंपन्यांचं बघा. सोलापूरच्याच बालाजी अमाइन्स या रसायन कंपनीचा शेअर 2021 मध्ये पाच हजारांच्या वर होता, 2025 च्या सुरुवातीला दीड हजाराच्या खाली आला. कंपनी वाईट म्हणून नव्हे. रसायनांच्या धंद्यात मालाचा भाव चढला की नफा फुगतो आणि उतरला की आटतो. नोकरी किंवा पुरवठ्याचा धंदा त्याच कंपनीवर चालत असेल, तर तिचा शेअर आणखी कमी ठेवा. मंदी आली की पगार आणि बचत एकदमच अडकतात.

माझ्या मते एका शेअरमध्ये एकूण बचतीच्या 5 ते 10 टक्क्यांहून जास्त घालू नये, बाकी इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे वाटून टाकणाऱ्या फंडात. तुलनेसाठी सांगतो: फेब्रुवारी 1993 ला सेन्सेक्स अडीच-पावणेतीन हजारांत होता. 80,000 धरला तर 9,500 चे पावणेतीन-तीन लाख होतात, डिव्हिडंड वेगळा. 15 कोटींपुढे किरकोळ वाटतं, पण यात कंपनी ओळखावी लागत नाही.

विकताना करही आहे. दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापुढे 12.5 टक्के, वर सरचार्ज आणि सेस. 31 जानेवारी 2018 पर्यंत मिळालेल्या शेअरना त्या दिवसाचा भाव खरेदीकिंमत म्हणून धरता येतो. 2018 च्या बोनसचे 51,200 शेअर मात्र त्यानंतरचे, म्हणून त्यांची खरेदीकिंमत शून्य आणि विक्रीची सगळी रक्कम नफा. डीमॅटमधून आधी आलेले शेअर आधी विकले गेले असं धरतात, त्यामुळे हा जड कर शेवटच्या विक्रीत लागतो.

घरात आजोबांची कागदी सर्टिफिकेटं असतील तर मात्र आजच कपाट उघडा. सलग सात वर्षं डिव्हिडंड उचलला नसेल तर शेअर आयईपीएफ या सरकारी निधीत जातात. तिथल्या संकेतस्थळावर नाव आणि फोलिओ नंबर टाकून शोधा. सापडले तर आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) केवायसी आणि वारसाची कागदपत्रं द्या, मगच आयईपीएफ-5 फॉर्म भरा. सर्टिफिकेटवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडू शकतो, म्हणून नावाचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.