चिकट मिनिएचर, थिनर आणि रेझिन: वाचकांचे प्रश्न

या खेपेलाही बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. बोर्ड गेममधली मिनिएचर, म्हणजे चिमुकल्या आकृत्या, रंगवली किंवा नवी विकत आणली, आणि ती हाताला चिकट लागते. प्रत्येकाला कुणी ना कुणी उपायही सांगून ठेवलाय. कुणी थिनर सांगतो, कुणी टाल्कम पावडर, कुणी उन्हात ठेवायला, तर कुणी चक्क फ्रिजमध्ये. चिकटपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला मारक ठरतं. म्हणून आधी तुकडा कशाचा आहे ते ओळखा, मगच उपाय करा.

प्रश्न: खोक्यातून काढलेली मिनिएचर धुवायलाच हवीत का? (स्नेहलतागंज)

उत्तर: हो. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर त्यांच्यावर असू शकतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, जुना मऊ टूथब्रश, आणि रात्रभर वाळवण.

प्रश्न: सैनिकाची तलवार वाकडी आली आहे. हाताने सरळ केली तरी तासाभरात पुन्हा वाकते.

उत्तर: बोर्ड गेममधलं लवचिक प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. पाणी उकळून गॅस बंद करा, तलवार चिमट्याने धरून काही सेकंद पाण्यात बुडवा, सरळ करा आणि तशीच धरून लगेच गार पाण्यात घाला. तुकडा कडक पॉलिस्टायरीनचा किंवा रेझिनचा वाटला तर जोर लावू नका, तुटेल. खात्री नसेल तर आधी फोटो पाठवून विचारा.

प्रश्न: रंगाच्या दुकानातून काळा स्प्रे आणून प्रायमर म्हणून, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर म्हणून, मारला. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं की तो सगळ्यावर चालतो. आठवडा झाला, बोटाचे ठसे अजून उमटतात. थिनरने पुसून काढू का? (सुदामानगर)

उत्तर: थिनर बाटलीतच राहू द्या.

पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेला असतो. काही स्प्रेमधली द्रावकं आणि हा प्लास्टिसायझर यांचं जमत नाही, आणि मग रंगाचा थर महिनोन्‌महिने ओलसर राहतो. डब्यावर ‘सर्व पृष्ठभागांसाठी’ असं छापलेलं असतं ते लोखंडी गेट, लाकूड, भिंत डोळ्यांसमोर ठेवून. बोटभर उंचीच्या पीव्हीसी चेहऱ्याचा विचार त्यात कुणी केलेला नसतो. दुकानदाराला विक्री करायची असते. तुम्ही मात्र पुढच्या वेळी एकाच मिनिएचरच्या पायाच्या तळाला एक फवारा मारून दोन दिवस थांबा आणि मगच उरलेल्या मिनिएचरांना हात लावा. त्याहून बरं म्हणजे ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घ्या.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर आणि ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर रंगाबरोबर प्लास्टिकही खातात. कडक पॉलिस्टायरीनवर तर नाकडोळे विरघळून सपाट होतात आणि ते परत येत नाहीत. तुमच्या चिकट थरावर एखाद्या कोपऱ्यात ॲक्रिलिक वार्निशचा पातळ हात देऊन बघा. काही वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर एक तुकडा घेऊन जाणत्या माणसाला दाखवा. सगळा संच एकदम कशातही बुडवू नका.

प्रश्न: मुलाच्या पोस्टर कलरने रंगवलं तर?

उत्तर: नको. वाळलेला पोस्टर कलर दुसऱ्या थराच्या पाण्याने पुन्हा उठतो. ॲक्रिलिकच घ्या. साठ बाटल्यांचा संचही नको. काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा, एक तपकिरी आणि एक चंदेरी पुरेत.

प्रश्न: बारा वर्षांच्या पुतण्याला वाढदिवसाला थ्रीडी प्रिंटवर काढलेली रेझिनची मिनिएचर दिली. थोडी चिकट आहेत. विकणारा म्हणाला, ‘ताजी आहेत, दोन दिवसांत सुकतील.’ पुतण्याच्या बोटांना खाज येते आणि बारीक पुरळ आलंय. हळद लावतो आहोत. मिनिएचर उन्हात ठेवू का? (रामचंद्रनगर)

उत्तर: मिनिएचर आत्ताच्या आत्ता पिशवीत बंद करा, मुलाचे हात साबणाने धुवा आणि उद्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पुरळ रेझिननेच आलंय की नाही हे डॉक्टर सांगतील, मी सांगू शकत नाही. पण हळद लावत वाट बघू नका, आणि डॉक्टरांना ‘प्रिंटरचं रेझिन, ॲक्रिलेट’ हे शब्द नक्की सांगा.

आता सविस्तर सांगते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. इंदूरमध्ये घरोघरी प्रिंटर आले आहेत आणि त्याबरोबर घाईने विकलेला कच्चा माल आला आहे.

रेझिन सुकत नाही. त्यात उडून जायला पाणी नसतं. ते प्रकाशाने घट्ट होणारं द्रव रसायन आहे. घरगुती प्रिंटरमध्ये साधारण ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश एकेक थर घट्ट करत जातो, पण तेवढ्याने तुकडा पुरता पिकत नाही. प्रिंटरमधून निघालेला तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा आणि नंतर अतिनील दिव्याखाली फिरवत पुन्हा पिकवायचा. यातली एक पायरी गाळली की खाचाखोचांत कच्चं रेझिन राहतं. तोच तुमचा चिकटपणा. असा तुकडा कपाटात वर्षभर ठेवला तरी चिकटच राहील. न धुता उन्हात ठेवला तर वरचा थर कडक होईल, घड्यांतलं द्रव तसंच राहील. आतून पोकळ तुकड्याला खाली भोकं ठेवली नसतील तर आत अडकलेलं द्रव पुढे कधीतरी चीर पाडून बाहेर येतं, आणि ते येतं मुलाच्याच हातात.

कच्च्या रेझिनमधल्या ॲक्रिलेटची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. पहिल्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पुन्हापुन्हा स्पर्श होत गेला की एक दिवस शरीर त्याला ओळखतं, आणि एकदा जडलेली ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. याच कुळातली रसायनं दातांच्या काही फिलिंगमध्ये आणि जेल नेलपॉलिशमध्येही असतात. म्हणजे बाराव्या वर्षी लागलेला त्रास चाळिशीत दंतवैद्याच्या खुर्चीवर पुन्हा भेटू शकतो. कुठल्याही खेळण्यासाठी ही किंमत देऊ नये.

‘पाण्याने धुता येणारं’ रेझिन म्हणजे निरुपद्रवी, ही जाहिरातीतून पसरलेली समजूत आहे. कच्चं असताना तेही तितकंच त्रासदायक. फक्त धुण्याचं द्रव बदलतं. ‘वनस्पतिजन्य’ असं लिहिलेल्याचंही तेच.

ज्यांच्या घरी प्रिंटर आहे त्यांनी नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. लेटेक्समधून हे रसायन लवकर आरपार जातं. नायट्राइलवरही रेझिन सांडलं तर मोजे लगेच बदला. घासकाम ओलं करा आणि एन-९५ मास्क लावा. तो धुळीपुरता आहे, वाफ त्याने अडत नाही, म्हणून खिडकी उघडी हवी. अल्कोहोल भडकतं, तेव्हा स्वयंपाकघरात नको आणि देवघरात समई तेवत असेल त्या खोलीतही नको. धुण्याचं वापरलेलं द्रव मोरीत किंवा कुंडीत ओतू नका. पसरट भांड्यात, मुलांपासून लांब, उन्हात ठेवून गाळ घट्ट होऊ द्या आणि गाळून घ्या. तो गाळ, मोजे, पुसलेले कागद घरगुती घातक कचऱ्यात द्या. आपल्या कचरागाडीला त्यासाठी वेगळा कप्पा असतो. उरलेल्या अल्कोहोलचं काय करायचं ते नगर निगमच्या (महापालिकेच्या) माणसांना विचारूनच ठरवा.

विकत घेणाऱ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: कशात धुतलं, दिव्याखाली किती वेळ पिकवलं, पोकळ असेल तर भोकं कुठे आहेत? उत्तर ‘काळजी करू नका’ असं आलं तर पैसे देऊ नका. तुमच्या हातातला संच परत करा. परत घेत नसतील तर घरी दुरुस्त करायला बसू नका, प्रिंटिंगची माहिती असलेल्या माणसाकडून मोजे घालून धुऊन, पिकवून घ्या. आणि पुतण्याला पुन्हा द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न: ब्रशचं टोक ओठांनी जुळवलं तर चालतं का? सगळे करतात.

उत्तर: नाही. काही रंगांत कॅडमियम आणि कोबाल्ट असतं. ओल्या कागदी रुमालावर ब्रश फिरवून टोक जुळवा.

प्रश्न: डोळे काढताना बुबुळाचा ठिपका मोठा होतो आणि योद्धा दचकल्यासारखा दिसतो.

उत्तर: ठिपका काढूच नका. आधी डोळ्याच्या खाचेत मळकट पांढरी आडवी रेघ भरा. शुभ्र पांढरा नको. ती वाळल्यावर गडद तपकिरी रंगाची एक उभी रेघ वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत ओढा, पापण्यांबाहेर गेली तरी चालेल. मग त्वचेच्या रंगाने वरून आणि खालून कापत या. बुबुळाला पापण्यांचा स्पर्श झाला की नजर शांत होते. दोन्ही डोळे एकाच दिशेला बघताहेत ना, हे हात लांब करून तपासा. २८ मिलिमीटरच्या आकृतीत एवढं पुरे. काढताना तुमचेच डोळे दुखत असतील तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

प्रश्न: ऑगस्टमध्ये मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि काळा झगा पांढरट झाला.

उत्तर: हवेतला दमटपणा. पावसाळ्यात ब्रशनेच वार्निश लावा. स्प्रेच हवा असेल तर कोरड्या दिवसाची वाट बघा आणि डबा भरपूर हलवा. मे महिन्यातल्या दुपारीही नको, रंग वाटेतच वाळून खरखरीत बसतो. पांढरेपणावर कधीकधी ग्लॉस वार्निशचा पातळ हात उपयोगी पडतो. आधी पाठीमागे लावून बघा.

प्रश्न: कोलिन्स्की (सायबेरियन वीझलच्या केसांचा) ब्रश परवडत नाही. एका दुकानात ‘नेवल्याचा’ ब्रश स्वस्तात मिळतो, टोकही छान आहे. घेऊ का?

उत्तर: अजिबात नाही. नेवला म्हणजे आपलं मुंगूस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याच्या केसांचा ब्रश विकणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे. त्या केसांसाठी मुंगसं मारली जातात. केस टोकाला गडद, मध्ये फिकट, मुळाशी पुन्हा गडद असा पट्टेरी दिसला तर संशय घ्या. मात्र नुसत्या नजरेने खात्री होत नाही, कारण कृत्रिम केसही तसे रंगवतात. आपल्या कामाला एक नंबरचा, टोकदार सिंथेटिक ब्रश पुरतो. तीन शून्यांचा बारीक ब्रशही नको, त्यात रंग मावत नाही आणि कागदावरून आकृतीपर्यंत पोचेतो वाळतो. मुंगसाचा ब्रश आधीच घरात असेल तर कुणाला देऊ नका, विकू तर मुळीच नका. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन काय करायचं ते विचारा.