सतरातली पाच अक्षरं

"सतरातली पाच अक्षरं, मॅडम. पाच! एवढ्यावरून मी तीन बैठका चुकवल्या. गुडघा दुखतोय म्हणून कळवलं."

एवढं बोलून त्या हसल्या, आणि लगेच पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि कविताही बदलली आहे. दुखणं मात्र तेच ठेवलंय, कारण मी समुपदेशक, आणि ते वेगवेगळ्या वेशात माझ्याकडे सारखं येतं. दोन मैत्रिणी मिळून एखादं काम करतात, नाव एकीचं होतं आणि दुसरी स्वतःलाच विचारत बसते, 'इतक्या क्षुल्लक गोष्टीचं मला का लागावं? मी कोत्या मनाची आहे का?'

त्यांचा सहा जणांचा हायकू, म्हणजे तीन ओळींची, सतरा अक्षरांची जपानी वळणाची कविता, लिहिणारा गट होता. दर पंधरा दिवसांनी जमायचे, नऊ वर्षं. ज्याची कविता त्याने ती दोनदा वाचायची आणि गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं, असा नियम. कवीला खुलासा करायची मुभा नाही. (हा नियम आमच्या व्यवसायातल्या काही बैठकांना लावावा असं मला फार वाटतं.) शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तेव्हापासून दोन ओळींत यमक साधायची पद्धत पडली आहे. हा गट यमक सोडून द्यायचा, पण ओळींची पाच-सात-पाच अक्षरं काटेकोर मोजायचा. मोजायचं म्हटलं की कोणाचं किती तेही मोजलं जातं, हे ओघानंच आलं.

त्यांच्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीने एकदा एक हायकू आणला होता:

मिटली छत्री
दारामागे अजून
थेंब गळती

सगळे 'छान' म्हणाले. यांना मात्र शेवटची ओळ खटकली. छत्री ओली म्हटल्यावर थेंब गळणारच, त्यात सांगण्यासारखं काय? बैठक संपल्यावर चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "अगं, 'पाऊस चालू' करून बघ." मैत्रीण क्षणभर थांबली. मग तिने वही पुढे केली, "लिही इथे, नाहीतर विसरेन."

मिटली छत्री
दारामागे अजून
पाऊस चालू

बाहेरचा पाऊस थांबला असेल, नसेलही. दारामागे मात्र त्याचंच राज्य. मला कवितेतलं फार कळत नाही, तरी शेवटच्या दोन शब्दांनी काय केलं ते मलाही दिसलं.

हा हायकू पुढे एका नियतकालिकात आला. बैठकीत टाळ्या झाल्या, कोणीतरी विचारलं, "कसा सुचला गं?" आणि मैत्रीण म्हणाली, "दारात उभी होते. उभ्या उभ्या सुचला. आख्खाच्या आख्खा."

"तेव्हा मीही टाळ्या वाजवत होते," त्या मला म्हणाल्या.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच भेटीत मी विचारलं, घरात लहानपणी तुमच्या कामाचं श्रेय दुसऱ्याला मिळायचं का? त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मॅडम, प्रत्येक गोष्ट बालपणात नेऊन ठेवू नका. ओळ माझी होती, एवढंच." बरोबर होतं त्यांचं. काही दुखणी मुळात आत्ताचीच असतात. ती खणत बसलं की समोरच्याला वाटतं, माझं कारण पुरेसं नाही म्हणून ही दुसरं शोधतेय. म्हणजे जो छळ त्या स्वतःचा करत होत्या, त्यात मीच भर घातली होती.

मग मी साधा प्रश्न विचारला. तुम्हाला नेमकं काय हवंय? त्या हायकूखाली तुमचं नाव?

"छे! कविता तिचीच आहे. छत्री तिने पाहिली."

मग माफी?

बराच वेळ गेला. "माहीत नाही," म्हणाल्या.

दुसऱ्या भेटीसाठी मी एक काम दिलं होतं. स्वतःच्या वह्या काढा आणि जिथे जिथे दुसऱ्याने सुचवलेला शब्द आहे, त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. त्या आल्या त्या वैतागूनच. रेघा थोड्या होत्या, प्रश्नचिन्हं जास्त. 'हे कोणी सुचवलं की माझंच, आठवत नाही.' एका ठिकाणी तर 'कदाचित तीच' असं लिहून खोडलेलं होतं. "म्हणजे मीही चोरच," त्या म्हणाल्या.

चोर नव्हे. स्मरणशक्तीची ही एक ओळखीची खोड आहे. १९८९ मध्ये ब्राउन आणि मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना गटात बसवून, एकेका विषयातली उदाहरणं आळीपाळीने सांगायला लावली. नंतर 'तुम्ही स्वतः सांगितलेली आठवा' म्हटल्यावर काहींनी दुसऱ्याची उदाहरणं आपली म्हणून सांगितली, तीही प्रामाणिकपणे. कल्पना आठवते, ती कोणाच्या तोंडून आली ते पुसट होतं. २००५ च्या एका अभ्यासात याहून मजेशीर गोष्ट दिसली. दुसऱ्याची कल्पना ज्यांना सुधारायला सांगितली, ती नंतर त्यांना आपलीच वाटण्याचं प्रमाण वाढलं. मैत्रिणीने तो हायकू घरी नेला असेल, दहादा मनात म्हटला असेल, घोळवला असेल. इतक्या वेळा हाताळलेली वस्तू आपली न वाटली तरच नवल.

हे ऐकून त्यांना बरं वाटेल असा माझा अंदाज होता. तेवढं काही वाटलं नाही. "म्हणजे ती खोटं बोलली नाही. ठीक आहे. पण मग मला एकटीलाच आठवतंय, हे आणखी वाईट ना?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या भेटीत त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली. बाशो हा सतराव्या शतकातला मोठा जपानी कवी, हायकूचा गुरू. त्याचा एक शिष्य होता, बोंचो. साचलेल्या बर्फावर रात्रीचा पाऊस पडतोय, एवढं त्याच्याकडे तयार होतं, पण पहिली ओळ जमेना. बऱ्याच ओळी सुचवून झाल्या. शेवटी बाशोने दिली, 'शिमोग्यो', म्हणजे क्योतो शहराचा खालचा भाग. बोंचोचं काही पूर्ण समाधान होईना. तेव्हा बाशो म्हणाला, याहून चांगली ओळ कोणी आणली तर मी पुन्हा कवितेबद्दल बोलणार नाही. १६९१ च्या संग्रहात ती कविता छापली गेली, बोंचोच्या नावावर.

"बाशोला राग आला असेल का हो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्याचा प्रश्नच वेगळा. तो गुरू. शिवाय क्योराय तिथे होता ना! दुसरा शिष्य. त्याने हे सगळं टिपून ठेवलं, म्हणून आज आपल्याला माहीत. मॅडम, मला श्रेय नकोच आहे. मला क्योराय हवाय."

मग जरा थांबून, डोळे बारीक करून म्हणाल्या, "आणि हो, बाशो आणि बोंचो पुढे दुरावले. तेही वाचलं मी."

यानंतर काम सोपं झालं असं वाटेल, पण बोलायचं कसं हे ठरवायला एक आख्खी भेट गेली. 'ती ओळ माझी होती' असं म्हटलं की समोरच्याला एक तर कबुली द्यावी लागते नाहीतर भांडावं लागतं. 'तुला आठवतं का' याने सुरुवात करा, असं मी अशा वेळी सुचवते, कारण बहुतेकदा हरवलेली असते ती आठवणच. शिवाय हे चौघांत नको, दोघींतच हवं. समोरच्या माणसाकडून हे पुन्हा पुन्हा होत असेल आणि आठवण करून दिल्यावरही होत असेल, तर मात्र विस्मरणाची सवलत मी देत नाही. तिथे स्पष्ट बोलावं किंवा आपले शब्द द्यायचे थांबवावं.

त्या बोलल्या. मैत्रीण आधी चकित झाली, मग चिडली. "मग तेव्हाच का नाही बोललीस? एवढे दिवस मनात ठेवलंस?" तिचंही चुकलं नव्हतं. पुढचे दोन आठवडे दोघींचा फोन नाही. त्या काळात त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "गुडघा दुखण्याचं सोंग परवडलं असतं." मी काहीच बोलले नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग एक दिवस मैत्रीण दारात उभी. हातात जुनी वही. पान उघडून तिने समोर धरलं. निळ्या शाईत तिच्या तिरक्या अक्षरात हायकू, शेवटची ओळ खोडलेली, आणि खाली काळ्या शाईत, गोल गोल अक्षरात, 'पाऊस चालू'. "तुझं अक्षर आहे गं हे," ती म्हणाली. "मी हजारदा हे पान पाहिलंय. मला कधी दिसलंच नाही."

आता गटात वहीच्या समासात सुचवणाऱ्याचं आद्याक्षर लिहायची पद्धत पडली आहे. दोघांना ती आवडत नाही, कारकुनी वाटते. मध्यंतरी सगळ्यांनी मिळून जपानी पद्धतीची साखळी-कविता लिहायला घेतली, बाशोच्या काळात असायची तशी छत्तीस कडव्यांची, एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्याला जोडून पुढचं. अकराव्या कडव्याला अडली आहे.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, तो हायकू कसा सुचला हे ती अजून सांगते का?

"नवीन कोणी आलं की सांगतेच. 'उभ्या उभ्या सुचला' म्हणते. मग माझ्याकडे बघते, आणि म्हणते, 'दोन ओळी. तिसरी हिने चपला घालताना दिली.'"

"आणि कधी सांगायचं विसरली तर?"

"तर घरी जाताना चिमटा काढते," त्या म्हणाल्या. "परवाच काढला."